तिरकं पाणी

इस्पितळात तिला सगळे ‘हलू-नका बाई’ म्हणायचे. तोंडावर नव्हे, पाठीमागे. सगळी नोकरी एक्स-रेच्या खोलीत गेली, आणि त्या खोलीत बोलायला लागणारी वाक्यं मोजकीच. सरळ उभे राहा, श्वास घ्या, रोखून धरा, हलू नका. निवृत्त झाल्यावर माणसं सुटली, वाक्यं सुटली नाहीत. वजन करणाऱ्या भाजीवाल्यालाही ती एकदा ‘हलू नका’ म्हणाली, असं तिच्या थोरल्या जाऊबाई सांगतात. जाऊबाई सांगतात त्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं, पण हे खरं असावं.

आणखी एक वाक्य होतं. फोटो निघाला की माणूस शर्टाची बटणं लावत विचारायचा, ‘काय दिसलं हो?’ त्यावर उत्तर ठरलेलं, ‘रिपोर्ट डॉक्टर देतील.’ हे म्हणताना चेहरा कोऱ्या पाटीसारखा ठेवायचा. पापणी हलली तर समोरच्याचं काळीज हलतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण जमलं ते असं की पुढे घरातसुद्धा तिच्या चेहऱ्यावरून कुणाला काही कळेना. नवऱ्याच्या छातीचा एक्स-रे तिनेच काढला होता. दिसायचं ते दिसलं. त्यालाही ती ‘रिपोर्ट डॉक्टर देतील’ म्हणाली, आणि घरी येऊन भाजी चिरायला बसली.

निवृत्तीनंतर लोकांना काही ना काही सुचतं. कुणी बागेतल्या बाकावर बसून सरकार चालवतं, कुणी सुनेच्या मागे लागतं. हिने चांगला महागातला कॅमेरा घेतला आणि ती शहराबाहेरच्या जुन्या कोठारांच्या मागे लागली. चारा नि अवजारं ठेवायची ती लाकडी कोठारं, ऊनपाऊस खाऊन फळ्या करड्या पडलेल्या, कौलं घसरलेली, बिजागऱ्या गंजून दाराशी एकजीव झालेल्या. फुलं नाहीत, पाखरं नाहीत, मावळता सूर्य नाही. कोठारात काय ठेवलंय, असं कुणी विचारलं तर म्हणायची, ‘बरगड्या दिसतात.’ यापलीकडे स्पष्टीकरण नाही.

तिला न्यायचं काम थोरल्या जाऊबाईंचं. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. भाऊ गेले, जावा राहिल्या, एक वरच्या मजल्यावर, एक खाली. एकीला गाडी चालवता येत नाही, दुसरीला गप्प बसता येत नाही. नवऱ्याची गाडी धूळ खात पडली होती म्हणून थोरली साठीच्या उंबऱ्यावर ती चालवायला शिकली, आणि तेव्हापासून गाडी आणि तोंड ही दोन्ही तिने एकदम चालू ठेवली.

‘माणसं डोंगर बघायला जातात, समुद्र बघायला जातात,’ ती गियर बदलताना म्हणायची, ‘आणि आम्ही? पडकी खोपटं! घरात दोन म्हाताऱ्या कमी होत्या.’

‘बघा पुढे, ट्रॅक्टर आहे.’

‘दिसतोय मला. मी काही तुझ्यासारखी काळा पडदा घेऊन बसले नाही.’

कामाची पद्धत मात्र पक्की होती. आभाळ भरलेलं हवं, म्हणजे सावल्या पडत नाहीत आणि फळ्यांची रेघ न् रेघ दिसते. माणूस, कुत्रं, गाय चौकटीत चालणार नाही. आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, ती म्हणजे कोठार सरळ. कॅमेरा तिपाईवर चढवायचा, एक डोळा मिटायचा आणि कोठाराच्या कोपऱ्यातला खांब चौकटीच्या कडेला समांतर येईपर्यंत कॅमेरा डावी-उजवीकडे कलवायचा. समांतर आला की बटण. इतकी वर्षं माणसांचे कणे तिने असेच फिल्मच्या कडेशी जुळवले होते. रोगी वाकडा उभा राहिला तर फोटो वाया, मग दोष कॅमेऱ्याचा असो की रोग्याचा. हा हिशेब तिच्या हातात इतका भिनला होता की आपण काही करतोय हेही तिला कळत नसे.

सगळ्यांत जास्त फेऱ्या झाल्या त्या शिडीवाल्याच्या कोठाराकडे.

शिडीवाला म्हणजे लाकडी शिड्या करणारा एक हट्टी विधुर म्हातारा. फळबागांना लागतात त्या खाली रुंद, वर निमुळत्या शिड्या. कोठार त्याच्या बापाने बांधलेलं. एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला तळं, मागे उतार. एके काळी आत गवत असायचं. आता आत त्याचं कामाचं टेबल, रंधे, पट्ट्या आणि वाशांना टांगलेल्या अर्ध्या शिड्या. तो सकाळी आत जायचा तो जेवायला बाहेर यायचा आणि पुन्हा आत. घरी सून होती. मुलगा शहरात नोकरीला, सुट्टीला यायचा.

पहिल्या वेळी त्याने बाईंना विचारलं होतं, ‘फोटो कशाला? विकायचंय असं कुणी सांगितलं काय?’ दुसऱ्या वर्षी स्वतःहून गाय बाजूला बांधली. तिसऱ्या वर्षी म्हणाला, ‘उशीर केलात यंदा.’ दर वर्षी सुगी संपली की बाई जायच्या, रस्त्याच्या कडेच्या त्याच दगडापाशी तिपाई लावायच्या, आणि मागच्या वर्षीच्या फोटोची एक मोठी प्रत त्याला चौकटीत घालून द्यायच्या. त्याने त्या घराच्या पुढच्या खोलीत ओळीने टांगल्या. मुलाच्या लग्नाचा फोटो त्या ओळीच्या शेवटाला गेला. सुनेला ते खटकलं, पण बोलणार कोण?

बोलायची वेळ आली ती निराळ्याच कारणाने. त्या वर्षी बाई तिपाई मिटत होत्या, तेवढ्यात सून ओचा झटकत रस्त्यापर्यंत आली.

‘काकू, तुम्ही तरी सांगा हो मामंजींना. कोठार कललंय. मी भांडी घासायला बसते तिथून मला रोज दिसतं. सुतार येऊन गेला, तोही म्हणाला आत बसू नका. पडवीत टेबल मांडा म्हणते, तर माझ्या अंगावर येतात.’

आतून रंध्याचा आवाज थांबला. म्हाताऱ्याचे कान शाबूत होते.

‘कललंय म्हणे!’ तो दारात आला. ‘तू मान वाकडी करून भांडी घासतेस, तुला सगळं जगच कललेलं दिसणार. आणि त्या सुताराला नवं कोठार बांधायचंय, त्याचं काय जातंय? घरात जा आणि भिंतीवर बघ. इतक्या वर्षांचे फोटो आहेत. पहिल्यात बघ, शेवटच्यात बघ. काडीचा फरक असला तर मिशी उतरवतो.’

‘दार लागत नाही तुमचं, दर वर्षी रंधा मारता.’

‘लाकूड फुगतं. ओल असते. एवढंही कळत नाही?’ मग बाईंकडे वळून, साक्षीदाराला विचारावं तसं, ‘काय हो बाई? तुम्ही तर हाडं बघणाऱ्या. सांगा हिला.’

बाईंनी कोठाराकडे पाहिलं. उतारावरच्या जमिनीवर, वाऱ्याने एकीकडे झुकलेल्या झाडांमध्ये काय सरळ आणि काय वाकडं ते नुसत्या डोळ्यांनी ठरवणं अवघड होतं. आणि ठरवणं हे आपलं काम आहे असंही त्यांना वाटलं नाही. चेहरा आपोआप कोरा झाला.

‘ते मी कसं सांगणार? जाणत्या माणसाला दाखवा,’ त्या म्हणाल्या.

‘ऐकलंस?’ म्हातारा सुनेला म्हणाला आणि आत गेला. बाई जे बोलल्या त्यातून त्याला हवं ते त्याने उचललं. सून परत भांड्यांकडे गेली. गाडीत जाऊबाईसुद्धा पहिल्या वळणापर्यंत गप्प होत्या, यावरून काय ते समजावं.

पुढे थंडीत वाचनालयाच्या जिन्यात कोठारांचे फोटो लावायचं ठरलं. बाईंनी शिडीवाल्याच्या कोठाराचे सगळ्या वर्षांचे फोटो जेवणाच्या टेबलावर मांडले, एक निवडायला. जाऊबाई खालून आमटीचं पातेलं घेऊन आल्या, आणि पातेलं ठेवायला जागा नाही म्हणून हातात धरून उभ्या राहिल्या.

‘सगळे सारखेच तर आहेत. डोळे मिटून एक उचल. हात भाजतोय माझा.’

‘सारखे नाहीत. फळ्यांचा रंग बघा.’

जाऊबाईंनी पाहिलं. रंग नाही पाहिला. त्यांना कोठारांत कधी रस नव्हता, त्यामुळे त्यांची नजर कोठार सोडून बाकी सगळीकडे फिरली.

‘का गं,’ त्या म्हणाल्या, ‘हे तळं सांडून कोठारात कसं शिरत नाही?’

‘कुठलं तळं?’

‘हे काय, डावीकडे. पाणी बघ कसं उतरलंय कोठाराकडे. माझ्या पातेल्यात आमटी अशी तिरकी झाली तर जमिनीवर येईल.’

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. चौकटीच्या डाव्या कडेला बोटभर तळं होतं. प्रत्येक फोटोत होतं. त्याच्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. फुप्फुस बघायचं असतं तेव्हा दंडाकडे कोण बघतं? पाण्याची रेघ डावीकडे वर आणि कोठाराकडे खाली उतरलेली होती. त्यांनी फोटो वर्षांप्रमाणे लावले. पहिल्यात पाणी जवळजवळ आडवं. मग थोडं कललेलं. मग जास्त. शेवटच्यात एखाद्या पोरानेही बोट दाखवलं असतं.

खांब मात्र सगळ्या फोटोंत कडेला समांतर, सुतात. दर वर्षी त्यांनी तो स्वतःच्या हाताने सरळ केला होता, आणि दर वर्षी त्यासाठी कॅमेरा मागच्या वर्षीपेक्षा जास्त कलवला होता. कोठार तळ्याकडच्या मऊ जमिनीत बसत चाललं होतं. फोटोत बसत होतं ते तळं.

जाऊबाईंनी शेवटी पातेलं खुर्चीवर ठेवलं. त्या तोंडाळ होत्या, मठ्ठ नव्हत्या. ‘म्हणजे म्हातारा ज्याच्या जोरावर आत बसतो तो पुरावाच...’

‘हो.’

‘मग उद्या जायचं.’

‘वाचनालयात दुसरं कोठार लावते.’

‘मी वाचनालयाचं म्हणत नाही.’

‘जाऊबाई, त्याला सुताराने सांगितलंय, सुनेने सांगितलंय. मी काही इंजिनियर नाही. हे सांगणं माझ्या कामात—’

‘मग कुणाच्या कामात? तळ्याच्या? ते तर बिचारं इतकी वर्षं सांगतंय.’

आमटी गार झाली, ती बाईंनी गारच खाल्ली. दुसऱ्या दिवशी गाडीचा आवाज येण्याआधीच त्या फाटकाशी उभ्या होत्या.

ऊन लख्ख होतं, फोटोला निकामी. कॅमेरा घरीच होता. शिडीवाला आत एका शिडीच्या पायऱ्या ठोकून बसवत होता, आणि एकेका ठोक्याला वरून बारीक भुसा पडत होता. बाई दारातून आत गेल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या आत आल्या होत्या. बरगड्या आतून बऱ्या दिसत नव्हत्या.

‘आता कशाला? फोटो झाला की यंदाचा,’ तो म्हणाला.

‘माझे फोटो चुकलेत.’

‘चांगले आहेत हो. फार मनाला लावून घेता.’

‘चांगले आहेत, पण खोटे आहेत. मी कोठार सरळ करून काढते. कॅमेरा वाकडा करते आणि कोठार सरळ येतं. सवय आहे. तुमचं कोठार कललंय. चांगलंच कललंय, आणि दर वर्षी जास्त.’

त्याने हातोडी खाली ठेवली नाही. ‘सुनेने शिकवून पाठवलंय.’

‘तुमच्या सुनेला माहीतही नाही मी आलेय ते.’

‘शिडी बघितलीय कधी? तिरकी टेकवतात तेव्हाच माणसाचं वजन पेलते. सरळ उभी केलेली शिडी पहिली पडते. कललं असेल तर असू द्या. बापाने बांधलंय. माझ्या आधी ते पडणार नाही.’

‘तुमच्याबरोबर पडेल,’ जाऊबाई दाराबाहेरून म्हणाल्या. त्या आत यायला तयार नव्हत्या.

हे त्याला झोंबलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, अशातला तो. पण बाई रागावल्या नाहीत, समजूत काढत बसल्या नाहीत, बाहेरही गेल्या नाहीत. ‘घरात चला. तळं बघा. कोठाराकडे बघूच नका. फक्त पाणी,’ एवढंच म्हणून वाट बघत राहिल्या. उभं राहून वाट बघणं त्यांना जमायचं. शेवटी, ही बया गेल्याशिवाय काम होणार नाही असं दिसल्यावर, तो उठला.

पुढच्या खोलीत सून केर काढत होती. ती केरसुणी घेऊन बाजूला झाली. म्हातारा कोठाराच्या शेवटच्या फोटोसमोर उभा राहिला. मग तो पुढे वाकला, आणि त्याच्या मानेवरून त्याला रेघ सापडल्याचं बाईंना कळलं. पाणी तिरकं उभं राहत नाही, हे शिडी करणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. कामाच्या टेबलावर पाण्याची वाटी ठेवूनच तो लाकडाची पातळी बघायचा. ती वाटी त्याने बऱ्याच दिवसांत वापरली नव्हती. का वापरली नव्हती, ते त्याचं त्याला माहीत.

त्याने दोन्ही हातांनी चौकट धरली आणि खिळ्यावर हळूहळू फिरवली, पाणी आडवं येईपर्यंत. चौकट भिंतीवर वाकडी झाली आणि तिच्यातलं कोठार तळ्याकडे झुकलं. मग त्याने तिच्या शेजारची फिरवली. मग तिच्या शेजारची. पहिली चौकट जेमतेम हलवावी लागली. शेवटी सगळी ओळ भिंतीवर अशी दिसत होती की पंगतीतला एकेक माणूस पेंगत चाललाय आणि शेवटचा आडवा व्हायच्या बेतात आहे. टोकाचा लग्नाचा फोटो तेवढा सरळ राहिला.

 

‘बाई,’ तो भिंतीकडेच बघत म्हणाला, ‘लोकांच्या छात्यासुद्धा अशाच सरळ करून देत होता काय?’

‘माणसाला सांगता येतं, सरळ उभे राहा म्हणून,’ बाई म्हणाल्या. ‘तुमच्या कोठाराला सांगितलं नाही. मीच केलं.’

‘हं.’ तो सुनेकडे वळला. ‘चहा टाक. चौघांचा टाक. आणि पडवीतली ती तुझी कोंबड्यांची खुराडी हलव. टेबल कुठे ठेवू, डोक्यावर?’

सुनेने केरसुणी तिथेच टाकली आणि ती खुराडी हलवायला गेली. चहा जाऊबाईंनी केला. परक्याच्या स्वयंपाकघरात साखर कुठे असते ते त्यांना न विचारता कळतं.

याला दोन वर्षं होऊन गेली. कोठार पडलेलं नाही. वाचणाऱ्याला ते पडायला हवं असेल, पण त्याला इलाज नाही. ते कललं आहे, रिकामं आहे आणि उभं आहे. मुलाने रस्त्याच्या बाजूने दोरी बांधून धोक्याची पाटी लावली आहे. शिडीवाला पडवीत काम करतो आणि दिवसभर कुरकुर करतो: इथे ऊन तोंडावर येतं, कोंबड्या भुशात लोळतात, येणारा-जाणारा उगाच थांबतो आणि भाव विचारतो. सून ऐकून घेते. तिला आता भांडी घासताना मान वर करून बघावं लागत नाही. भिंतीवरच्या चौकटी ती आठवड्याला पुसते आणि पुसताना सवयीने सरळ करते. संध्याकाळी सासरा हात धुऊन येतो आणि एकेक करून त्या परत वाकड्या करतो.

वाचनालयात बाईंनी तोच फोटो लावला, पाणी आडवं ठेवून. बघणाऱ्यांनी मान वाकडी केली. दोघा-तिघांनी, फोटो नीट टांगलेला नाही, अशी तक्रार केली.

सुगीनंतर, आभाळ भरलेलं बघून, दोघी जावा यंदाही गेल्या. बाईंनी त्याच दगडापाशी तिपाई लावली. आता कॅमेऱ्याच्या डोक्यावर पातळी दाखवणारी, पाण्यात बुडबुडा असलेली एक छोटी नळी बसवलेली असते. बुडबुडा मधोमध आला की मगच त्या कोठाराकडे बघतात. खांब चौकटीत झुकलेला आला, मागच्यापेक्षा थोडा जास्त. हात कॅमेरा कलवायला आपोआप उठला. त्यांनी तो परत खाली आणला.

‘अजून उभं आहे हं, बाई!’ पडवीतून हाक आली. ही हाक दर वेळी येते. ‘तुमच्या नादी लागून मी उघड्यावर आलो, आणि ते बघा!’

‘दिसतंय मला,’ बाई म्हणाल्या. एक डोळा मिटला, आणि इतक्या वर्षांची सवय, तोंडातून गेलंच, ‘श्वास रोखून धरा. हलू नका.’

‘अहो, तेच तर मी त्याला रोज सांगतोय,’ शिडीवाला म्हणाला, आणि त्याने रंधा परत हातात घेतला.